छतावरच्या सौर विजेचा हिशोब : अनुदान, कर्ज आणि बॅटरी

मार्च महिन्यातल्या एका दुपारी एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी मुदत ठेवीची पावती घेऊन माझ्या टेबलासमोर बसले. तीन लाखांची ठेव मोडायची होती. अशा वेळी कारण विचारण्याची आमची पद्धत आहे, तसे मी विचारले. काकांनी पिशवीतून एक रंगीत कोटेशन काढले. तीन किलोवॅटचे सौर पॅनेल १,८०,०००, बॅटरी आणि तिच्यासाठी लागणारा वेगळा इन्व्हर्टर १,२०,०००, एकूण ३,००,०००. सरकारी अनुदान वजा ७८,०००. आणि खाली ठळक अक्षरांत, ‘आपल्याला पडणारी किंमत फक्त २,२२,०००’.

“म्हणजे ठेवीतले अठ्ठ्याहत्तर हजार उरतील ना मॅडम?” काकूंनी विचारले.

लगेच उरणार नव्हते. ते पैसे नंतर येतात. त्याशिवाय त्या कागदावर आणखी दोन गोष्टी होत्या, ज्या चुकीच्या नव्हत्या, पण त्यांच्या घराला लागू पडत नव्हत्या. हा धडा त्या कोटेशनवरून लिहिला आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि हिशोब तोंडी करता यावा म्हणून आकडे पूर्णांकात घेतले आहेत. तुमच्या गावचे दर वेगळे असतील. पद्धत तीच राहील.

अनुदान किती आणि कशावर

पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना १३ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर झाली आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मान्यता दिली. तरतूद ७५,०२१ कोटी रुपयांची, उद्दिष्ट एक कोटी घरांचे. पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान मिळते. म्हणजे एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,०००, तीनला ७८,०००. त्यापुढे कितीही मोठी यंत्रणा बसवली तरी ७८,०००च. ईशान्येकडील राज्ये, हिमाचल प्रदेश, उत्तराखंड, जम्मू-काश्मीर, लडाख आणि बेटांवरचे केंद्रशासित प्रदेश यांना दहा टक्के जास्त मिळतात, तिथे कमाल रक्कम ८५,८०० होते.

इथे एक बारकावा आहे. पहिल्या दोन किलोवॅटना सरकार जितका हातभार लावते, तितका तिसऱ्याला लावत नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे.

‘मोफत वीज’ या शब्दांमुळेही गैरसमज होतो. सरकार दरमहा ३०० युनिट फुकट देणार, असे समजून खातेदार शाखेत येतात. तसे नाही. एक किलोवॅटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट वीज तयार करते. तीन किलोवॅटचे पॅनेल ३००च्या पुढे जाते. ती वीज तुमच्याच छतावर तयार होते म्हणून तिचे बिल येत नाही, एवढाच त्या ‘मोफत’चा अर्थ.

अनुदान फक्त राहत्या घरांना आणि वितरण कंपनीच्या वाहिनीला जोडलेल्या यंत्रणेला आहे. योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवरून अर्ज केलेला हवा, विक्रेता नोंदणीकृत हवा आणि पॅनेल देशात बनवलेल्या सेलचे हवे. या शेवटच्या अटीला बाजारात ‘डीसीआर पॅनेल’ म्हणतात. परदेशी सेलचे पॅनेल स्वस्त पडते, पण त्याला अनुदान नाही. काही कोटेशनांत किंमत स्वस्त पॅनेलची लावलेली असते आणि वजाबाकी मात्र अनुदानाची केलेली असते. दोन्ही एकाच कागदावर येऊ शकत नाहीत. कोटेशनवर ‘डीसीआर’ हा शब्द, पॅनेलचा ब्रँड आणि प्रत्येक पॅनेलची वॅट क्षमता लिहून घ्या. तसेच २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर पॅनेलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. कोणी जुना कागद पुढे करत असेल तर नवा मागा.

केंद्राच्या अनुदानावर काही राज्ये स्वतःची भर घालतात. उत्तर प्रदेशात किलोवॅटला १५,००० प्रमाणे जास्तीत जास्त ३०,००० मिळतात. दिल्लीने वेगळा मार्गही काढला. तिथल्या २०२३च्या सौर धोरणात तयार होणाऱ्या प्रत्येक युनिटमागे पैसे देण्याची सोय आहे : तीन किलोवॅटपर्यंत युनिटला ३ रुपये, तीन ते दहा किलोवॅटपर्यंत २ रुपये, पाच वर्षे. एकरकमी अनुदान यंत्रणा बसवल्याबद्दल मिळते, युनिटमागचे अनुदान ती चालू ठेवल्याबद्दल. मला स्वतःला दुसरा प्रकार जास्त पटतो, कारण पॅनेल धुळीने माखलेले असले की त्यात मालकाचेच नुकसान होते आणि मग ते धुतले जाते.

जाता जाता हेही सांगते, की या योजनेत वितरण कंपन्यांनाही प्रोत्साहन रक्कम आहे. आपल्या क्षेत्रात छतावरची सौर क्षमता वाढवली तर त्यांना ती मिळते, आणि त्यासाठी ४,९५० कोटींची तरतूद आहे. त्यामुळे वीज कंपनीचा माणूस आपणहून ‘सौर बसवा’ म्हणाला तर त्यात वावगे काही नाही. पण तुमच्या घराला किती किलोवॅट पुरेत, हे सांगणे त्याचे काम नाही. ते तुमचे बिल सांगते.

बारा महिन्यांची बिले

मी काकांना वर्षभराची बिले आणायला सांगितले. दोन दिवसांनी ते आले, बिले तारखेप्रमाणे लावून, टाचणी मारून. सरासरी निघाली महिन्याला २४० युनिट. उन्हाळ्यात ३३०, थंडीत १७०.

त्यांच्या बिलातले दर असे धरू : पहिल्या १०० युनिटना ४ रुपये, त्यापुढच्या युनिटना ८ रुपये, स्थिर आकार १२० रुपये. करांचा विचार सोडून दिला तर २४० युनिटचे बिल होते ४०० अधिक १,१२० अधिक १२०, म्हणजे १,६४० रुपये.

आता दोन किलोवॅटचे पॅनेल बसवले आणि त्याने महिन्याला सरासरी २२० युनिट दिले असे समजू. वाहिनीतून घ्यायचे उरतात २० युनिट. त्यांचे ८० रुपये आणि स्थिर आकार १२०. बिल २०० रुपये. बचत महिन्याला १,४४०, वर्षाला १७,२८०. स्थिर आकार जात नाही, हे लक्षात घ्या. ‘शून्य बिल’ ही जाहिरातीतली भाषा आहे.

दोन किलोवॅटची किंमत १,३०,००० धरली तर ६०,००० अनुदान जाऊन घरचे ७०,००० लागतात. ते चार वर्षांत वसूल होतात.

मग तीन किलोवॅट का नको? कोटेशन देणाऱ्याने हिशोब असा सांगितला होता : बॅटरी सोडली तर १,८०,०००, अनुदान ७८,०००, घरचे १,०२,०००, आणि ‘पाच वर्षांत पैसे वसूल’. हा हिशोब खोटा नाही. मीही करून पाहिला, पाच वर्षांच्या आतच येतो. पण ती सरासरी आहे. तिसरा किलोवॅट वेगळा काढून पाहू. त्यासाठी घरचे ३२,००० जास्त जातात. त्याने महिन्याला ११० युनिट जास्त मिळतात, त्यातले घरात लागणारे फक्त २०, आणि तेही ४ रुपयांचे. उरलेले ९० युनिट वीज कंपनीकडे जमा. वर्षाअखेर शिल्लक राहिलेल्या युनिटना राज्याच्या वीज नियामक आयोगाने ठरवलेला दर मिळतो, आणि तो आपण विकत घेतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. अडीच रुपये धरू. वर्षाला ९६० अधिक २,७००, म्हणजे ३,६६० रुपये. बत्तीस हजार वसूल व्हायला पावणेनऊ वर्षे.

पहिले दोन किलोवॅट आठ रुपयांची वीज वाचवतात, तिसरा अडीच रुपयांची वीज विकतो. वर त्याला अनुदानही कमी. तरी तो सगळ्यांनाच नको, असे मी म्हणणार नाही. पॅनेलची उत्पादन-वॉरंटी सहसा पंचवीस वर्षांची असते. पस्तिशीतले जोडपे असेल, पुढे एसी यायचा असेल, विजेवरची स्कूटर घ्यायची असेल, तर तिसरा किलोवॅट आजच बसवलेला बरा. नंतर सांगाडा आणि वायरिंग पुन्हा करावे लागते. काका अडुसष्ट वर्षांचे आहेत आणि मुलगा पुण्याला असतो. त्यांच्यासाठी नऊ वर्षांनी सुटणारे बत्तीस हजार आणि आज ठेवीत असलेले बत्तीस हजार यांची किंमत सारखी नाही.

उलट टोकाचा विचारही करू. ज्यांचा वापर महिन्याला १०० युनिटच्या आत आहे, त्यांची वाचणारी वीज चार रुपयांचीच असते. एक किलोवॅटला ७०,००० धरले, ३०,००० अनुदान गेले, तर ४०,००० वसूल व्हायला आठ वर्षांच्या वर लागतात. आणि काही राज्यांत ठराविक वापरापर्यंत घरगुती वीज तशीही फुकट आहे : दिल्लीत महिन्याला २०० युनिटपर्यंत, पंजाबात ३००, कर्नाटकात गृहज्योती योजनेत वापराच्या सरासरीनुसार २००पर्यंत, तामिळनाडूत दोन महिन्यांना पहिले १००. तिथे राहणाऱ्या खातेदाराने आधी हे पाहावे, की आपण जे बिल भरतच नाही ते वाचवायला निघालो आहोत का.

नेट मीटर म्हणजे विजेचे पासबुक

दिवसा घरात कोणी नसते तेव्हा पॅनेलची वीज बाहेर जाते. रात्री आपण बाहेरून घेतो. नेट मीटर दोन्हींची नोंद ठेवतो, जमा आणि नावे. महिन्याच्या शेवटी जास्त घेतले असेल तर तेवढ्याचे बिल, जास्त दिले असेल तर युनिट पुढच्या महिन्यात ओढले जातात. वर्षाअखेर खाते बंद होते आणि उरलेल्या युनिटचा हिशोब मघाशी सांगितल्याप्रमाणे होतो. मे महिन्यात पॅनेल भरपूर देते, पण पंखे-कूलरही तेवढेच खातात. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे उत्पादन निम्म्यावरही येते. म्हणून एका महिन्याच्या बिलावरून ठरवू नये, बारा बिले लागतात.

सगळीकडे नियम एकसारखे नाहीत. आपल्या राज्यात युनिटला युनिट असा हिशोब आहे की दिलेल्या विजेला वेगळा दर आहे, हे वीज कंपनीच्या उपविभागीय कार्यालयात विचारून घ्या. पूर्वी तांत्रिक तपासणीच्या नावाखाली अर्ज महिनोन्‌महिने पडून राहत. २०२४मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली आणि दहा किलोवॅटपर्यंतच्या घरगुती अर्जांना त्या तपासणीची गरज उरली नाही. मंजूर भार वाढवायचा असेल तर तेही कंपनीनेच करायचे आहे.

बॅटरी

कोटेशनमधला मोठा प्रश्न हा होता. १,२०,००० रुपयांची ओळ. काकांना वाटले होते की अनुदान सगळ्या रकमेवर आहे. केंद्राचे अनुदान पॅनेल आणि इन्व्हर्टरच्या क्षमतेवर मोजले जाते. बॅटरी घेतली काय, न घेतली काय, ते ७८,०००च्या वर जात नाही.

“पण बॅटरी नसली तर रात्री वीज कशी मिळणार?” हा काकूंचा प्रश्न अगदी बरोबर होता, आणि बहुतेकांचा तोच असतो. उत्तर वर आले आहे : रात्री वाहिनीतून मिळते, दिवसा जमा केलेल्या युनिटच्या बदल्यात. जिथे युनिटला युनिट मिळते, तिथे बॅटरीने बिल कमी होत नाही. वीज कंपनीकडे जमा ठेवलेले युनिट पूर्ण परत मिळते. बॅटरीत ठेवलेले थोडे घटून मिळते, कारण भरताना आणि काढताना काही वीज वाया जाते.

आता जी गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. बॅटरी नसलेली यंत्रणा, बाहेरची वीज गेली की, भर उन्हातसुद्धा बंद पडते. हा बिघाड नाही. खांबावर दुरुस्ती करणाऱ्या कामगाराला तुमच्या छतावरच्या विजेचा झटका बसू नये, म्हणून इन्व्हर्टर आपणहून थांबतो. लाखभर रुपये घालूनही लाइट गेल्यावर अंधारच, हे पहिल्यांदा कळते तेव्हा माणूस चिडतो. माझ्या मावशीच्या घरी हेच झाले. विक्रेत्याने सांगितले नव्हते, तिने विचारले नव्हते, आणि पहिल्या पावसात वीज गेली तेव्हा तिने मलाच फोन केला, ‘तू बँकेत आहेस ना, मग तुला माहीत असणार!’ खरे सांगायचे तर मलाही तेव्हा माहीत नव्हते.

तेव्हा बॅटरीचा प्रश्न बिलाचा नाही, वीज जाण्याचा आहे. तुमच्याकडे वीज किती वेळा आणि किती वेळ जाते? महिन्यातून दोनदा अर्धा तास जात असेल, तर दोन पंखे आणि चार दिवे चालवणारा साधा इन्व्हर्टर पुरे; तो घरात आधीच असेल तर उत्तमच. रोज तीन-चार तास जात असेल, घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेला रुग्ण असेल, किंवा घरातूनच शिलाई, पिठाची गिरणी, झेरॉक्स असा धंदा चालत असेल, तर बॅटरीचा खर्च वेगळ्या खात्यात मांडा. तो वीजबिलाच्या बचतीतून वसूल होणार नाही. बुडणाऱ्या मजुरीतून किंवा रुग्णाच्या सुरक्षिततेतून होईल. त्यासाठी तो योग्यच असू शकतो.

घ्यायचीच असेल तर लेड-अ‍ॅसिड बॅटरी स्वस्त असते, पण चार-पाच वर्षांत बदलावी लागते आणि पाणी घालत राहावे लागते. लिथियम महाग, पण टिकाऊ. तिच्या वॉरंटीत वर्षांबरोबर किती वेळा भरता-रिकामी करता येईल तो आकडाही लिहिलेला असतो, तो वाचा. किती युनिट साठवते हे विचारा. ‘मोठी बॅटरी’ हे उत्तर नव्हे.

पुढे चित्र बदलू शकते. जून २०२३मध्ये केंद्राने दिवसाच्या वेळेनुसार दर लावण्याचा नियम केला : सूर्यप्रकाशाच्या तासांत वीज दहा ते वीस टक्के स्वस्त, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी दहा ते वीस टक्के महाग. स्मार्ट मीटर बसतील तसतसे राज्ये आपापल्या पद्धतीने हे लागू करत आहेत. दुपारचे युनिट आणि रात्रीचे युनिट यांची किंमत जिथे वेगळी होईल, तिथे बॅटरी बिलातही पैसे वाचवू लागेल. आज हायब्रिड इन्व्हर्टर घेऊन ठेवला तर बॅटरी नंतर जोडता येते, पण तो साध्यापेक्षा महाग असतो. एवढ्यासाठी ठेव मोडू नये, असे माझे मत.

पैसे कुठून आणायचे

अनुदान शेवटी येते. आधी पोर्टलवर ग्राहक क्रमांकाने नोंदणी आणि अर्ज, मग विक्रेत्याची निवड, मग उभारणी, मग वीज कंपनीची तपासणी आणि नेट मीटर, आणि त्यानंतर बँक खात्याचा तपशील भरला की रक्कम खात्यात. सगळे सुरळीत असले तर शेवटच्या टप्प्यानंतर महिनाभरात जमा होणे अपेक्षित असते. तोपर्यंत पूर्ण रक्कम तुम्हालाच उभी करावी लागते.

सरकारी बँका तीन किलोवॅटपर्यंत दोन लाखांपर्यंतचे कर्ज विनातारण देतात, मुदत दहा वर्षांपर्यंत. तुमचा स्वतःचा वाटा साधारण दहा टक्के. दर रेपोशी जोडलेला, त्यावर अर्धा टक्का. योजना सुरू झाली तेव्हा तो ७ टक्के होता. २०२५मध्ये रेपो उतरला तसा सहाच्या आसपास आला. रेपो वाढला तर हाही वाढेल. वैयक्तिक कर्जाच्या तुलनेत हा दर जवळपास निम्मा आहे, म्हणून विक्रेत्याने दुकानातच ‘फायनान्स करून देतो’ म्हटले तर दर विचारल्याशिवाय सही करू नका.

काकांच्या दोन किलोवॅटचा हिशोब कर्जाने मांडू. किंमत १,३०,०००, स्वतःचे १३,०००, कर्ज १,१७,०००. सहा टक्के दराने दहा वर्षांचा हप्ता साधारण १,२९९ रुपये. बिलात बचत १,४४०. म्हणजे हप्ता बचतीतूनच जातो. मग ६०,००० अनुदान आले आणि ते कर्जात भरले की शिल्लक ५७,००० राहते (हप्त्यांमुळे थोडी कमी, ते सोडून देऊ). इथे बँक विचारते : हप्ता कमी करायचा की मुदत? बहुतेक जण हप्ता कमी करा म्हणतात. तो ६३३ होतो आणि दहा वर्षांत व्याज जाते जवळपास १९,०००. हप्ता १,२९९च ठेवला तर कर्ज चार वर्षे दोन महिन्यांत संपते आणि व्याज जाते साडेसात हजार. अनुदान बचत खात्यात पडून राहिले आणि घरखर्चात गेले, तर कर्ज पूर्ण रकमेचे चालूच राहते; असे मी पाहिले आहे. मंजुरीपत्रात अनुदान कर्जखात्यात जमा होणार की बचत खात्यात, ते वाचा.

ज्यांच्याकडे ठेव आहे त्यांनी काय करावे? ठेवीतले ७०,००० वर्षाला साडेसहा टक्क्यांनी ४,५५० देतात, पॅनेल १७,२८० वाचवते. पण ठेव उद्या मोडता येते, पॅनेल मोडता येत नाही. आजारपणासाठी ठेवलेल्या पैशाला हात लावू नये. आणि बिल वाचले तरी बचत आपोआप होत नाही. १,४४० रुपये महिन्याकाठी कुठे विरघळले ते कळतही नाही. त्यातले निदान ५०० आवर्ती ठेवीत टाका. साध्या इन्व्हर्टरला आठ-दहा वर्षांनी बदलण्याचा खर्च येतो, तो तिथून निघेल. पहिली पाच वर्षे देखभाल विक्रेत्याने करायची आहे, ती करारात लिहिलेली असावी.

नाव, खाते आणि मोबाइल

हप्ते आणि किलोवॅट यांपेक्षा खातेदार अडकतात ते इथे. एका बाईंचे वीजबिल अजून दिवंगत पतीच्या नावावर होते. अर्ज त्यांनी स्वतःच्या नावाने करायला घेतला, आणि ग्राहक क्रमांक टाकल्यावर नाव आले पतीचे. पॅनेल बसून गेले होते, विक्रेत्याला निम्मे पैसे दिले होते. बिलावरचे नाव बदलण्यात चार महिने गेले, आणि तोपर्यंत उरलेल्या पैशांसाठी विक्रेता दारात. बिल ज्याच्या नावावर, अर्ज त्याचा, खाते त्याचे. तिन्ही ठिकाणी नावाचे स्पेलिंग आधारप्रमाणे जुळते का, हे आधी पाहा. बिल वडिलांच्या किंवा पतीच्या नावावर राहिले असेल तर पहिले काम ते बदलून घेण्याचे.

पोर्टलवर नोंदणीला पैसे लागत नाहीत. ‘काका, तुमचा फोन द्या, मी भरतो’ म्हणून विक्रेत्याच्या माणसाने स्वतःचाच मोबाइल नंबर टाकलेला मी दोनदा पाहिला आहे. पुढचे सगळे निरोप त्यालाच जातात. ओटीपी सांगू नका. पैसे टप्प्याटप्प्याने आणि फर्मच्या चालू खात्यात भरा, कोणा एकाच्या वैयक्तिक नंबरवर नव्हे, आणि शेवटचा हप्ता नेट मीटर लागल्यावर.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी थोडक्यात : गच्ची सोसायटीची असते, म्हणून अर्ज सोसायटीने सामायिक विजेसाठी करावा. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, गाड्यांचे चार्जिंग यांसाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे, घरटी तीन किलोवॅट या हिशोबाने, कमाल ५०० किलोवॅटपर्यंत. आणि ज्यांना पैसे गुंतवायचेच नाहीत, त्यांच्यासाठी कंपनीने स्वखर्चाने पॅनेल बसवून युनिटप्रमाणे पैसे घेण्याची पद्धतही योजनेत आहे. तिचा करार काही वर्षांचा असतो. घर विकायचे झाले तर काय, हे कलम त्यात शोधा.

काकांनी शेवटी दोन किलोवॅटचे कर्ज घेतले. बॅटरीची ओळ त्यांनी स्वतःच्या पेनाने खोडली. घरात जुना इन्व्हर्टर आहे, तो चालतो म्हणाले. ठेव तशीच राहिली, फक्त तिच्यावर वारस नोंद नव्हती, ती त्याच दिवशी करून घेतली. काकूंचा एक प्रश्न मात्र माझ्या कोणत्याच पुस्तिकेत नव्हता. दोन किलोवॅटला दोनशे चौरस फूट जागा लागते, मग गच्चीवर वाळवण कुठे घालायचे? विक्रेत्याला बोलावून घेतले. सांगाडा थोडा उंच करता येतो, जास्तीचे पाच हजार लागतील म्हणाला. काकूंनी त्याला पाण्याच्या टाकीकडची बाजू दाखवली आणि दक्षिणेचा कोपरा कुरडयांसाठी मोकळा ठेवायला लावला. तिथे सकाळी टाकीची सावली पडते, म्हणून एक पॅनेल फूटभर सरकवावे लागले.